रंग की पावडर कोटिंग? : रुग्णालयातील लोखंडी सामानाच्या लेपाचा विचार

प्रस्तावना

रुग्णालय म्हटले की औषधे, उपकरणे आणि शस्त्रक्रियागृह आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. रुग्णाचा चोवीस तास संबंध मात्र येतो तो खाट, उशाशेजारचे लॉकर, सलाइन स्टँड, पायरी आणि स्ट्रेचर यांच्याशी. यांतील बहुतेक वस्तू साध्या पोलादाच्या, म्हणजे आपण ज्याला माइल्ड स्टील म्हणतो त्याच्या असतात. व्यवहारात आपण त्यांना लोखंडीच म्हणतो. या लोखंडाला हवा, घाम, रक्त, सलाइन आणि जंतुनाशक द्रावणे यांपासून वाचवणारा पडदा एकच, तो म्हणजे त्यावरील लेप. तो कोणता असावा याचा निर्णय बहुधा विक्रेत्याने पुढे केलेल्या रंगांच्या तक्त्यावरून होतो.

मी व्यवसायाने शल्यचिकित्सक आहे, धातुशास्त्राचा अभ्यासक नव्हे. परंतु सीमाभागात लहान रुग्णालय चालवणाऱ्या प्रत्येकास खाटा विकत घ्याव्या लागतात, रंगवून घ्याव्या लागतात आणि कधी ना कधी जॉबवर्क करणाऱ्या कारागिराशी बोलावे लागते. शिवाय हेच कारागीर आपल्या बाह्यरुग्ण विभागात रुग्ण म्हणूनही येतात. या दोन्ही बाजूंनी हा विषय वैद्यकाचा आहे असे मला वाटते. घराचे फाटक, खिडक्यांचे गज, लेकरांचा पाळणा आणि झोपाळा यांनाही हेच नियम लागू पडत असल्याने वैद्यकेतर समाजबांधवांसही हे विवेचन उपयोगी पडावे.

आपल्या परिसराचा वारसा

बिदर-कलबुर्गीच्या वाचकांस धातूच्या लेपाचा विषय परका नाही. पंधराव्या शतकात बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली आणि बिदरच्या नावाने ओळखली जाणारी बिदरी कला येथेच बहरली. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा असून त्यात तांबे थोडे असते. साधारणतः सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असे प्रमाण सांगितले जाते. ओतून तयार केलेली वस्तू मोरचुदाच्या द्रावणाने तात्पुरती काळी करतात, त्यावर नक्षी कोरतात आणि खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी वस्तू किंचित तापवून, बिदर किल्ल्याच्या जुन्या भागातील माती व नवसागर पाण्यात कालवून तिच्यावर चोळतात. मूळ धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच चमकत राहते. या कलेतील ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

बिदरीचा काळा रंग वरून लावलेला नसतो. धातूच्या पृष्ठभागाचीच रासायनिक क्रियेने झालेली ती अवस्था आहे, म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

दुसरी परिचित पद्धत म्हणजे कल्हई. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. कल्हईवाला भांडे तापवून त्यात नवसागर टाकतो. त्याने धातूवरील मळ व ऑक्साइड निघून जाते आणि मगच कथील पसरते. नवसागराविना कथील धरत नाही. लेपाआधी पृष्ठभाग स्वच्छ हवा, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा धडा कल्हईवाल्याने आपल्याला केव्हाच दिलेला आहे.

तिसरी पद्धत तामचिनीची. जुन्या दवाखान्यांतील पांढरे तसराळे, किडनी ट्रे आणि बेडपॅन तामचिनीचे असत. काचेची बारीक पूड लोखंडावर चढवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजली की ती वितळून पत्र्याला घट्ट बसते. बिदरला १४७२ मध्ये उभ्या राहिलेल्या महमूद गवानच्या मदरशावरील झिलईदार फरशांची जातकुळीही हीच, फरक इतकाच की तेथे काच मातीवर भाजलेली आहे. पूड चढवून भाजणे हे तत्त्व पावडर कोटिंगने पुढे चालवले. काचेच्या जागी तेथे कृत्रिम राळ आली. तामचिनीचा दोषही आपण पाहिला आहे. टवका उडाला की तेथून गंज सुरू होतो. हा दोष पावडर कोटिंगलाही पूर्णपणे चुकलेला नाही.

रंगाचे स्वरूप

आपण लोखंडाला लावतो तो ऑइलपेंट म्हणजे बहुधा सिंथेटिक इनॅमल. त्यात राळ, रंगद्रव्य आणि त्यांना पातळ ठेवणारे द्रावक असते. लावल्यावर द्रावक हवेत उडून जाते, राळ हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कडक होते आणि पातळ पापुद्रा मागे उरतो. एका हाताने मिळणारी सुकी जाडी साधारण २५ ते ३० मायक्रॉन असते. म्हणून तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने घासणे, रेड ऑक्साइडचा अस्तर हात, खड्डे असल्यास लांबी, पुन्हा घासणे आणि मग इनॅमलचे दोन हात असा क्रम पाळावा लागतो.

रंगाची बलस्थाने स्पष्ट आहेत. तो कोठेही लावता येतो. भट्टी लागत नाही, वस्तू हलवावी लागत नाही. भिंतीत बसवलेले गज, जिन्याचा कठडा, पाण्याच्या टाकीचा मनोरा यांना दुसरा व्यवहार्य पर्याय नाही. खरवडला गेला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतो. उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. सुकण्यास वेळ लागतो, ब्रशाचे ओघळ राहतात, धारदार कडांवर थर पातळ बसतो, आणि वारंवार जंतुनाशकाने पुसल्यास सामान्य इनॅमल लवकर निस्तेज होऊन सुटू लागते.

पावडर कोटिंगचे स्वरूप

पावडर कोटिंगमध्ये द्रावक नसतेच. राळ, कडक करणारे द्रव्य आणि रंगद्रव्य यांची एकजीव पूड केलेली असते. स्प्रे गनमधून बाहेर पडताना या पुडीला विद्युतभार मिळतो, हुकाला टांगलेली वस्तू अर्थिंगला जोडलेली असते, आणि पूड तिच्याकडे ओढली जाऊन चिकटते. नंतर वस्तू भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा ते वीस मिनिटे ठेवतात. पूड वितळते, पसरते आणि तिच्यातील रेणू एकमेकांशी जोडले जाऊन कडक जाळे तयार होते. एकाच वेळी ६० ते ८० मायक्रॉनचा सलग थर मिळतो. उडालेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते.

तप्त धातू राळेच्या पुडीत बुडवून लेप देण्याची पद्धत जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. विद्युतभाराने फवारण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली आणि आज लोखंडी कपाटांपासून सायकलीपर्यंत ती सर्वत्र दिसते.

पावडरचे प्रकार समजून घेतले पाहिजेत. एपॉक्सी पावडर चिवट असते व रसायनांना चांगली तोंड देते, परंतु उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. पॉलिएस्टर पावडर ऊन सोसते. दोहोंच्या मिश्रणाला हायब्रिड म्हणतात. ती घरातील वापरास पुरेशी असते. आपल्या भागात कोकणासारखी खारी हवा नाही, ही जमेची बाजू. परंतु कलबुर्गीचा मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि ऊन वर्षातील बहुतेक महिने कडक असते. म्हणून फाटक, बाक किंवा रुग्णवाहिकेच्या निवाऱ्याचे खांब करून घेताना पॉलिएस्टर पावडरच मागावी.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. भट्टीत न मावणारी वस्तू बाद होते. रबरी चाके, प्लास्टिक व हायड्रॉलिकचे भाग आधी काढावे लागतात. आतील कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र नीट पोहोचत नसल्याने पूड कमी बसते, आणि पाइपच्या पोकळीत तर ती जातच नाही. खाटेचा गंज पुष्कळदा बाहेरून आत जात नाही; पाइपच्या उघड्या तोंडातून शिरलेले पाणी आतून धातू खाते. पाइपची तोंडे बुचांनी बंद करणे हा लेपाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा तपशील आहे.

ऑक्सिजनचा सिलिंडर हे वेगळ्या नियमाचे उदाहरण आहे. त्याचा काळा देह व पांढरा खांदा ही त्यातील वायूची ओळख आहे. तो खराब दिसतो म्हणून आपल्या पातळीवर रंगवू नये, आणि सिलिंडर भट्टीत घालण्याचा तर विचारही करू नये. ते काम वायू भरणाऱ्या अधिकृत केंद्राचे आहे.

लेपाखालील तयारी

त्वचेची नीट तयारी न करता छेद घेतला तर उत्तम धागाही जखम वाचवू शकत नाही, हे कोणत्याही शल्यचिकित्सकास सांगावे लागत नाही. लेपाचेही तसेच आहे. तेलाचा अंश, गंजाचा कण किंवा वेल्डिंगची खपली खाली राहिली तर महागातील महाग पावडर काही महिन्यांत फुगते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो लेपाला आतून उचलतो.

चांगल्या कारखान्यात याकरिता ओळीने टाक्या असतात. कारागीर त्याला ‘सेव्हन टँक’ म्हणतात. तेल काढणे, धुणे, आम्लाने गंज काढणे, धुणे, फॉस्फेटचा थर चढवणे, पुन्हा धुणे आणि शेवटी पॅसिव्हेशन असा साधारण क्रम असतो. यांतील फॉस्फेटिंगची पायरी बिदरीची आठवण करून देणारी आहे. तेथेही धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया घडवून त्यालाच बदलले जाते, आणि त्या बारीक स्फटिकमय थराला पावडर घट्ट धरते. काही ठिकाणी या टाक्या टाळून वस्तू नुसती फडक्याने पुसून पावडर मारली जाते. भट्टीतून निघताना दोन्ही वस्तू सारख्याच चकचकीत दिसतात. फरक पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यानंतर कळतो.

हा फरक आधी ओळखण्याची सोपी चाचणी आपल्या हातात आहे. ऑर्डर देताना त्याच पाइपचा एक नमुना तुकडा मागून घ्यावा. शस्त्रक्रियेच्या ब्लेडने लेपावर दोन-दोन मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा धातूपर्यंत पाडाव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. चौकोन जागच्या जागी राहिले तर लेपाने धातू नीट धरला आहे. चौकोन पट्टीबरोबर निघाले तर तयारी कच्ची आहे. थिनरमध्ये भिजवलेला कापूस काही वेळा घासून पाहावा. भरपूर रंग उतरून लेप मऊ पडला तर तो भट्टीत पुरता भाजलेला नाही.

जंतुनियंत्रणाच्या दृष्टीने तुलना

असिनेटोबॅक्टर व मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हे जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन्महिने जिवंत राहू शकतात. खाटेचा कठडा हा परिचारिका, नातेवाईक आणि रुग्ण या सर्वांच्या हाताखालून जाणारा पृष्ठभाग. तो गुळगुळीत व अखंड असेल तरच पुसण्याला अर्थ आहे. गंजलेल्या खाचेत, सुटलेल्या पापुद्र्याखाली जंतुनाशक पुरेसे पोहोचत नाही आणि सेंद्रिय मळ मात्र साठतो.

येथे पावडर कोटिंग सरस ठरते. थर सलग, जाड व ब्रशाच्या रेषांविना असतो. मात्र खडबडीत ‘टेक्स्चर’ पावडर टाळावी. ती पत्र्याचे दोष झाकते आणि मळही धरून ठेवते. फिका रंग आणि गुळगुळीत पोत रुग्णालयास योग्य, कारण डाग लगेच दिसतो.

सोडियम हायपोक्लोराइटविषयी सावधगिरी हवी. २०२० च्या कोविड साथीत एक टक्का द्रावणाने सर्व काही पुसण्याची सवय आपल्याला लागली. हे द्रावण लोखंडाला गंजवते. अखंड लेपावर ते फारसे बिघडवत नाही, पण टवका उडालेल्या जागी लेपाखाली शिरून गंज पसरवते. द्रावणाचा आवश्यक संपर्ककाळ संपल्यावर साध्या पाण्याच्या फडक्याने ते पुसून काढल्यास सामानाचे आयुष्य निश्चित वाढते. जेथे रक्त व द्रावणे नित्याची आहेत, म्हणजे शस्त्रक्रियागृहातील ट्रॉली किंवा प्रसूतीचे टेबल, तेथे रंग व पावडर हा वाद सोडून स्टेनलेस स्टीलच घ्यावे.

लेप देणाऱ्यांचे आरोग्य

बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा असा आग्रह धरला. रंगाऱ्यांचे विकार त्याने स्वतंत्रपणे नोंदवले होते. तीन शतकांनंतरही आपल्या केसपेपरवर व्यवसायाची ओळ पुष्कळदा कोरीच असते.

रंगातील जुना शत्रू म्हणजे शिसे. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड; तेच द्रव्य लोखंडाच्या अस्तरात दीर्घकाळ वापरले गेले. पिवळ्या व नारिंगी रंगांत लेड क्रोमेट असे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये जाहीर झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. औद्योगिक रंग या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. पावडरमध्येही लेड क्रोमेट वापरले गेलेले आहे, म्हणून पावडर म्हणजे शिशापासून मुक्ती असे समजू नये. शिसेमुक्त असल्याचे लेखी मागावे.

आपल्याच राज्यातील बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांनी शिशाच्या विषबाधेचा प्रश्न देशापुढे आणण्यासाठी अनेक वर्षे काम केले. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास शिशाचा उगम शोधून तो दूर करावा, असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. दिवाळीपूर्वी घरातील जुने गज कोरडे घासले जातात, तेव्हा उडणारी धूळ प्रथम रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. घासणे ओले करावे, मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे, आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. पोटदुखी, बद्धकोष्ठता व रक्तक्षय घेऊन येणाऱ्या रंगाऱ्याच्या बाबतीत शिशाचा विचार मनात यावा.

दुसरा धोका स्प्रेने मारल्या जाणाऱ्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचा, म्हणजे गाड्यांच्या गॅरेजमधील ‘पीयू’चा. त्यातील आयसोसायनेटमुळे व्यावसायिक दमा होतो. लक्षणे पुष्कळदा कामावरून घरी आल्यावर, रात्री उद्भवतात आणि सुटीत कमी होतात. नुसते इनहेलर देऊन अशा रुग्णास परत त्याच फवाऱ्यासमोर पाठवणे हा उपचार नव्हे.

पावडर कोटिंगमध्ये द्रावकाची वाफ नसते, हा मोठा लाभ. तथापि श्वासातून जाणारी बारीक धूळ, आम्लाच्या टाकीची वाफ आणि क्रोमेट पॅसिव्हेशनमधील षट्संयुजी क्रोमियम हे धोके उरतातच. क्रोमियमने हातावर खोल, वेदनारहित व्रण होतात, नाकाच्या पडद्यास छिद्र पडते आणि दीर्घकाळात फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. शिशाची विषबाधा व क्रोमियमचे व्रण १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कळवण्याजोग्या रोगांत घातले होते. बाहेरच्या वापराच्या काही पॉलिएस्टर पावडरींत कडक करणारे द्रव्य म्हणून टीजीआयसी असते. जनुकांना इजा करण्याच्या शक्यतेमुळे युरोपात त्याऐवजी मोठ्या प्रमाणावर दुसरी द्रव्ये आली. आपणही टीजीआयसीविरहित पावडर मागू शकतो. एकदा भाजून कडक झालेल्या लेपापासून रुग्णास हा धोका नाही. प्रश्न आहे तो फवारणाऱ्याचा.

जुना लेप काढण्याच्या द्रवात कधी कधी डायक्लोरोमेथेन असते. त्याचे शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होते. बंद खोलीत असे काम करताना भोवळ, डोकेदुखी वा छातीत दुखू लागलेल्या कामगारास तपासताना हे स्मरणात असावे.

निवडीसाठी काही सूचना

१. आवारात हलवता येणारे, भट्टीत मावणारे व एकगठ्ठा करून घ्यायचे सामान, जसे की खाटा, लॉकर, स्टँड, यांस पावडर कोटिंग करून घ्यावे. भिंतीत वा जमिनीत बसवलेल्या लोखंडास शिसेमुक्त रंग द्यावा.

२. दरपत्रकात केवळ ‘पावडर कोटेड’ हा शब्द स्वीकारू नये. पूर्वतयारीचे टप्पे, पावडरचा प्रकार व मायक्रॉनमधील जाडी लिहून घ्यावी, आणि नमुना तुकड्याची चाचणी करावी.

३. सर्व वेल्डिंग व भोके लेपाआधी पूर्ण करावीत. लेपानंतर पाडलेले प्रत्येक भोक गंजाचे नवे दार ठरते.

४. दर सहा महिन्यांनी वॉर्डातील सामान पाहावे. लहान टवका आढळल्यास घासून, एपॉक्सी प्रायमर व वर रंग लावून तो त्याच आठवड्यात बुजवावा. या कामात रंग पावडरचा प्रतिस्पर्धी नसून सहायक आहे. गंज पसरलेली खाट मात्र जुना लेप पूर्ण काढूनच पुन्हा कोट करावी.

५. काम देण्यापूर्वी कारखाना एकदा स्वतः पाहावा. कामगारांना मुखपट्टी व हातमोजे आहेत का, टाक्यांतील पाणी प्रक्रिया न करता गटारात सोडले जाते का, हे विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे. डॉक्टरने विचारले तर त्याचे वजन थोडे अधिक पडते.

समारोप

रंग श्रेष्ठ की पावडर, असे एका शब्दातील उत्तर देता येत नाही. रुग्णालयाच्या वॉर्डापुरते विचाराल तर माझा कौल पावडर कोटिंगला आहे, परंतु पूर्वतयारी नीट झाली असेल तरच. ती नसेल तर घासून, रेड ऑक्साइड लावून, मन लावून रंगवलेली खाट वाईट पावडर कोटिंगपेक्षा अधिक वर्षे टिकते. वस्तू कोठे राहणार, ती भट्टीत जाऊ शकते का, लेपाखाली काय केले गेले आणि लेप देणाऱ्या माणसाच्या श्वासात काय गेले, हे चार प्रश्न विचारून खरेदी करण्याची पद्धत आपल्या सीमाभागातील रुग्णालयांनी पाडावी. यांतील शेवटचा प्रश्न विक्रेता कधीच आपणहून मांडणार नाही. तो वैद्यकानेच विचारायचा आहे. बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरवर व्यवसायाची ओळ नेमाने भरण्यास आपण सर्वांनी प्रारंभ केला, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.